विश्लेषण : बाळाच्या मेंदूत साचणाऱ्या पाण्यावर युगांडातील शस्त्रक्रिया काय आहे? ती ‘शंट’ला पर्याय ठरते का?

पाठीवर फोड घेऊन जन्मलेले बाळ. फोड शिवून बंद केला जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि काही आठवड्यांत डोके वाढू लागते. टाळू फुगते, कपाळावरच्या शिरा दिसू लागतात, बुबुळे खाली झुकतात. मणक्याच्या ‘स्पायना बायफिडा’ या जन्मजात दोषासोबत येणारा हा ‘हायड्रोसेफलस’, म्हणजे मेंदूत पाणी साचण्याचा आजार. त्यावरचा उपाय गेली अनेक दशके माहीत आहे. तो उपाय गरीब देशातल्या बाळाला वाचवतोच असे मात्र नाही. या विसंगतीवर सर्वाधिक काम झाले ते युगांडातील एम्बाले या शहरात.

मेंदूत पाणी साचते म्हणजे नेमके काय?

मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये एक द्रव सतत तयार होतो, मेंदू व मज्जारज्जूभोवती फिरतो आणि रक्तात शोषला जातो. ही वाट अडली की द्रव साचतो आणि मेंदूच्या ऊतींवर दाब येतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने डोके मोठे होत जाते. स्पायना बायफिडाच्या गंभीर प्रकारात मज्जारज्जू पाठीवर उघडाच राहतो. अशा बाळांत मेंदूचा मागचा भाग मानेकडे सरकतो आणि द्रवाचा मार्ग अडतो. म्हणूनच या मुलांपैकी बहुतेकांना आज ना उद्या मेंदूतील पाण्यासाठी शस्त्रक्रिया लागते.

जगात दरवर्षी सुमारे चार लाख बालकांना हायड्रोसेफलस होतो, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मांडला गेला. त्यातील मोठा वाटा आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेचा आहे. मेंदूचे शल्यविशारद सर्वात कमी आहेत तेही याच भागांत.

शंट बसवला की प्रश्न सुटत नाही का?

शंट म्हणजे झडप असलेली बारीक नळी. मेंदूतील जादा पाणी ती त्वचेखालून पोटात नेऊन सोडते. शस्त्रक्रिया फार लांबलचक नसते, परिणाम लगेच दिसतो. अडचण पुढे सुरू होते. नळी तुंबते, तुटते, तिला जंतुसंसर्ग होतो. विकसित देशांतही पहिल्या दोन वर्षांत जवळपास निम्मे शंट कधी ना कधी बिघडतात. तिथे आई-वडील उलट्या आणि गुंगी पाहून बाळाला उचलतात, तासाभरात रुग्णालयात पोहोचतात आणि नळी बदलली जाते.

हेच बाळ युगांडाच्या एखाद्या खेड्यात असेल तर? रुग्णालय दिवसभराच्या बसप्रवासावर, भाड्याचे पैसे नाहीत आणि जवळच्या दवाखान्यात हा ताप मलेरियाचा की नळीचा हे सांगणारे कुणी नाही. अशा ठिकाणी तुंबलेला शंट जीव घेऊ शकतो. त्यामुळे इथे शस्त्रक्रियेचे यश टेबलावर ठरत नाही. ती फसेल त्या दिवशी मदत किती दूर असेल, यावर ठरते. श्रीमंत देशांच्या पाठ्यपुस्तकांत हा निकष क्वचितच असतो, कारण तिथे तो विचारण्याची वेळच येत नाही.

शंट महाग असतो म्हणून तो टाळला जातो का?

हा समज अर्धवट आहे आणि त्याचे उत्तर भारतातून मिळाले. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारा ‘छाबडा’ शंट सुमारे ३५ डॉलरचा, तर त्याच्याशी तुलना केलेला पाश्चात्त्य बनावटीचा शंट सुमारे ६५० डॉलरचा होता. एम्बालेत १९५ मुलांमध्ये दोन्हींची तुलना झाली. वर्षभरानंतरच्या निष्कर्षांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वस्त नळी महागड्या नळीइतकीच चालली. म्हणजे तितकीच बिघडलीही. नळीची किंमत उतरली तरी ती बिघडल्यावर पुन्हा पोहोचण्याची किंमत उतरत नाही.

मग पर्यायी शस्त्रक्रिया कोणती?

अमेरिकी मेंदूशल्यविशारद बेंजामिन वॉर्फ २००० मध्ये कुटुंबासह युगांडात गेले आणि एम्बालेत ‘क्युअर’ या संस्थेच्या बालरुग्णालयात काम करू लागले. मेंदूतील पोकळीच्या तळाला दुर्बिणीने छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देण्याची पद्धत आधीपासून होती, पण वर्षाच्या आतील बाळांत ती वारंवार फसत असे. वॉर्फ यांनी तिला दुसऱ्या जुन्या कल्पनेची जोड दिली. द्रव जिथे मुख्यत्वे तयार होतो ते ‘कोरॉइड प्लेक्सस’ नावाचे जाळे त्याच शस्त्रक्रियेत विद्युतप्रवाहाने जाळायचे. म्हणजे एकीकडे निचरा वाढवायचा, दुसरीकडे आवक कमी करायची. शरीरात कोणतीही वस्तू मागे ठेवायची नाही. या कामासाठी वॉर्फ यांना २०१२ मध्ये मॅकार्थर फेलोशिप मिळाली.

स्पायना बायफिडाच्या बाळांत तिचा निकाल काय?

याच बाळांत तो विशेष उजवा ठरला. पूर्व आफ्रिकेतील अशा ११५ बाळांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठपुरावा करता आलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के बाळांना पुढे शंटची गरज पडली नाही. केवळ छिद्र पाडण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते. कारण समजण्यासारखे आहे. युगांडात हायड्रोसेफलसची निम्म्याहून अधिक प्रकरणे नवजात अवस्थेतील जंतुसंसर्गानंतरची असतात. संसर्गाने मेंदूच्या तळाशी चिकटपणा आणि व्रण राहतात, त्यामुळे नवी वाटही बुजते. स्पायना बायफिडात बहुधा तसे नसते.

जंतुसंसर्गानंतरच्या आजारासाठी मात्र दावा जपून करावा लागतो. अशा १०० बाळांमध्ये शंट आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची थेट तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय फरक नव्हता. उपचार फसण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ३५ टक्के, तर शंटच्या गटात २४ टक्के होते. हा फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. नवी पद्धत मेंदूसाठी अधिक चांगली आहे, असे यातून सिद्ध होत नाही. ती मेंदूचे अधिक नुकसान करते, असेही दिसत नाही. मग निवड कशावर करायची? दुर्बिणीची शस्त्रक्रिया फसलीच तर बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत फसते, म्हणजे कुटुंब अजून रुग्णालयाच्या संपर्कात असताना. शंट मात्र पाचव्या वा दहाव्या वर्षीही दगा देऊ शकतो. खेड्यातल्या कुटुंबासाठी हा फरक मोठा आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. लवचिक दुर्बीण नाजूक असते आणि ती वापरण्याचे कौशल्य सरावानेच येते. उत्तर अमेरिकेतील रुग्णालयांनी ती स्वीकारली तेव्हा त्यांना युगांडाइतके यश मिळाले नाही. नवे तंत्र श्रीमंत देशांतून गरीब देशांत जाते, ही नेहमीची दिशा इथे उलटली, एवढे मात्र खरे.

शस्त्रक्रिया झाल्यावर बाळ जगते का?

पाणी निघाले तरी स्पायना बायफिडा राहतोच. पाय लुळे असू शकतात, लघवी-शौचावर ताबा नसतो. दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढावी लागते. ते चुकले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आग्नेय युगांडातील अशा मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत गावपातळीवर पुनर्वसनाचे कार्यक्रम होते, तेथील मुले अधिक प्रमाणात जगली. घरी जाणारी, आईला नळी घालायला शिकवणारी कार्यकर्ती नसेल तर शल्यविशारदाची मेहनत वाया जाऊ शकते. आशा सेविकांचे काम पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे टाळता येत नाही का?

बऱ्याच अंशी येते. गर्भातील मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. फॉलिक ॲसिडमुळे हा दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे सात देशांत झालेल्या चाचणीतून १९९१ मध्येच स्पष्ट झाले. पण २८ व्या दिवशी अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. दवाखान्यात नाव नोंदवून गोळ्या सुरू होईपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून गोळीऐवजी रोजच्या धान्यातच फॉलिक ॲसिड मिसळण्याचा मार्ग निघाला. अमेरिकेने १९९८ मध्ये तो सक्तीचा केला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तसा ठराव केला.

ठरावानंतरचा प्रश्न मात्रेचा आहे. भारतात रेशनच्या पोषणयुक्त तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ धरला तर दिवसाला जेमतेम १२ ते २० मायक्रोग्रॅम पोटात जाते. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीसाठी शिफारस आहे ४०० मायक्रोग्रॅमची. युगांडाची अडचण वेगळी आहे. तिथे मक्याच्या पिठात पोषक घटक मिसळण्याची सक्ती मोठ्या गिरण्यांवर आहे, पण खेड्यातले लोक मका दळून आणतात तो गावातल्या छोट्या गिरणीतून.