'जाऊ दे' म्हणू नका!

'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांच्या पुस्तकाचं नाव तुम्ही शाळेत पाठ केलंय. पण आगरकर आणि टिळक डोंगरीला आत गेले कशासाठी? 'इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून' असं बरेचजण ठोकून देतात. खरं कारण वेगळं होतं. एका माणसाने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला होता.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापलं. आधार होता बर्व्यांच्या नावावरच्या काही पत्रांचा. बर्वे कोर्टात गेले आणि पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये मुंबई हायकोर्टात दोघांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. सुटले तेव्हा लोकांनी जंगी स्वागत केलं.

त्यांचा हेतू चांगला होता, हे मान्यच. पण एकदा बर्व्यांच्या जागी उभे राहून बघा. सगळा गाव समोरच्याच्या बाजूने, तरी 'हे मी लिहिलेलं नाही' असं म्हणायला त्यांना कोर्ट होतं.

ते तुम्हालाही आहे. कुणीतरी तुमच्या नावाने खोटं चॅट बनवतं आणि संध्याकाळपर्यंत दादरपासून लालबागपर्यंत सगळे ग्रुप ते वाचतात. घरचे म्हणतात, 'जाऊ दे, दोन दिवसांत विसरतील.' माझं म्हणणं, जाऊ देऊ नका. मूळ मेसेज, तारीख, नंबर जपून ठेवा. तो तुमच्याशिवाय आणखी कुणी वाचला, हे महत्त्वाचं. फक्त तुम्हालाच पाठवलेली शिवी म्हणजे बदनामी नव्हे. मग वकिलाची नोटीस पाठवा: मजकूर काढा, लेखी माफी मागा. नाहीच ऐकलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, पण तो मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मात्र हे सूड उगवायचं हत्यार नव्हे. टोचणारं मत म्हणजे बदनामी नाही. एखाद्या मुलीने कॉलेजच्या समितीकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार तर नाहीच नाही. तिला गप्प करायला कुणी या कायद्याची धमकी देत असेल, तर तिच्या बाजूने उभे राहा.

आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' म्हणणाऱ्यांनो, ती बनावट पत्रं टिळक-आगरकरांनी तयार केली नव्हती. त्यांनी फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि छापलं.