चातुर्मासातल्या रंगमंचासाठी

चातुर्मास जवळ आला की मंदिराच्या सभागृहात सायंकाळच्या कार्यक्रमांची यादी तयार होऊ लागते. आरतीनंतरचा तासभर पाठशाळेची मुले, महिला मंडळ आणि युवक मंडळ यांच्यात वाटला जातो. नाटिकाही ठरलेल्या असतात: चंदनबाला, श्रीपाळ-मैनासुंदरी, मेघकुमार, नेमिनाथ-राजुल. या कथा जुन्या झाल्या असे कोणी म्हणू नये. जुन्या झाल्या आहेत त्या संहिता. कोण्या एका वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असे होत होत त्यांतली अक्षरे पुसट झाली आणि माणसेही. एक निवेदिका माइकवर सगळे सांगते आणि मंचावरच्या मुली नुसते हात हलवतात. कोणी केव्हा रडायचे, हेही निवेदिकाच सांगते.

त्या मंचासमोर जी कुटुंबे बसलेली असतात, त्यांच्या घरात मात्र न बोललेले पुष्कळ असते. आपल्याला अडत दुकानात बसायचे नाही, हे वडिलांना सांगू न शकलेला मुलगा असतो. तालुक्याच्या गावी मुलगी द्यायला कोणी तयार नाही म्हणून पस्तिशी ओलांडलेला भाऊ असतो. गल्ला सांभाळणारी, उधारी तोंडपाठ असणारी, पण भागीदारीच्या कागदावर कोठेच नाव नसणारी सून असते. अशा एखाद्या माणसाला दहा-पंधरा मिनिटे सलग बोलू देणे, एवढेच काम एकांकिका किंवा स्वगत करते. त्यासाठी पडदा, रथ, सिंहासन यांपैकी काहीही लागत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात भरले होते. व्यापारपेठेतली पुष्कळ कुटुंबे अशा सोहळ्यांना वर्गणी देतात, पाहुण्यांची सरबराईही करतात. नाटक आपल्या सभागृहात आणावे, हा विचार मात्र मागेच राहतो. तो या चातुर्मासात करावा, म्हणून येथे काही सूचना मांडल्या आहेत.

आरंभ नव्या लेखकापासून न करता दिवाकरांपासून करावा. शंकर काशिनाथ गर्गे, म्हणजेच दिवाकर (१८८९ ते १९३१), यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलते. समोर कोणी आहे, ते काही विचारते आहे, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळते. दोन-तीन पानांत एक माणूस स्वतःच्याच शब्दांनी उघडा पडतो. ‘पंत मेले - राव चढले’ ही नाट्यछटा कचेरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही वाचताना अस्वस्थ करील, कारण एका घरातला मृत्यू दुसऱ्या घरी बढती होऊन येतो आणि बढतीचा आनंद खोटा नसतो. या नाट्यछटांची भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, मुलांना ती थोडी अडेल. पण न दिसणाऱ्या माणसाशी कसे बोलावे आणि मध्ये किती थांबावे, याचा इतका चांगला सराव दुसरीकडे मिळत नाही. पाठशाळेच्या शिक्षिकांनी दोन मुलांना एकेक नाट्यछटा देऊन पाहावी.

यानंतर शिफारस करायची ती प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’ची. नाशिकच्या या लेखकाने ती आधी एकांकिका म्हणून लिहिली. पुढे भद्रकाली प्रॉडक्शन्सने २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ या नावाने तिचे पूर्ण नाटक रंगभूमीवर आणले आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या लेखनाला मिळाला. मंचावर दोनच स्त्रिया. एक तुकोबांची पत्नी आवली. दुसरी लखूबाई, म्हणजे वेष पालटून आलेली रखुमाई. डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाताना गर्भार आवलीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो, विठ्ठल तो काढतो आणि तिच्या शुश्रूषेसाठी रखुमाई तिच्या घरी राहते. दोघींचेही नवरे घरात असून घरात नाहीत.

या मासिकाच्या वाचकांना हे नाटक परके वाटण्याचे कारण नाही. तुकोबांचे घराणे वाण्याचे. देहूला त्यांची सावकारीही होती. दुष्काळात व्यापार बुडाला, आणि पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. धाकट्या भावाचा वाटा त्यांनी त्याला देऊन टाकला, हा तपशील व्यापारी माणसाने विशेष ध्यानात घ्यावा. कर्जखते बुडवणाऱ्याची थोरवी आपण गातो आणि ती गायलीच पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचा डबा कोणी उघडला? आवली तो प्रश्न देवालाच विचारते, तोही शिव्याशापांच्या सुरात. तिच्या रागात भक्ती आहे की नाही, याचा निवाडा नाटक करीत नाही आणि तेच त्याचे बळ आहे. ज्या समाजात दीक्षेच्या वरघोड्याला सारे गाव लोटते, त्या समाजाने मागे राहिलेल्या घराचा आवाजही एकदा शांतपणे ऐकावा. त्याने वैराग्याला उणेपणा येत नाही. उलट, काय सोडले गेले याची किंमत कळल्यावाचून त्यागाचे मोलही कळत नसते.

संपूर्ण नाटक मंडळाने करू पाहू नये. त्यातले संगीत आणि गाणे हौशी गळ्यांना पेलणारे नाही. दोन खुर्च्या, दोन सासुरवाशिणी आणि वीस मिनिटांचे अभिवाचन एवढे पुरेसे आहे. पाठांतराची धास्ती असलेल्या वयस्क भगिनींना तर अभिवाचन हा फारच सोयीचा मार्ग आहे.

लहान आकाराची आणखी दोन नावे. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका दोन नटांवर उभी राहते, आणि पाण्यासाठी वणवणणाऱ्या अस्पृश्य माणसांची व्यथा इतक्या थोड्या साधनांत मांडते की उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्या मंडळाने ती जरूर वाचावी. पाणी देणे आणि पाण्याला हात लावू देणे यांत अंतर होते, हे तिथे समजते. सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग नेपथ्याशिवाय खेड्यापाड्यांत झालेला आहे. एकटी स्त्री समोरच्या बायांशी ओट्यावर बसल्यासारखी बोलते. प्रत्येक कन्याशाळेने तो पाहिलेला असावा. मराठवाड्याच्या बोलीची गोडी हवी असेल तर लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आहेच. एकाच नटाने त्यात बावन्न पात्रे उभी केली. मात्र ते लहान नाही आणि सोपे तर मुळीच नाही. ते ऐकावे, नक्कल करू नये. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून आणि ‘लोकसत्ता’ची लोकांकिका २०१४ पासून दरवर्षी नव्या एकांकिका पुढे आणीत आहेत. त्यांत काही ठिकाणी दिवे आणि आवाज यांचीच भूमिका मोठी असते. त्या बाजूला ठेवल्या तरी निवडीला भरपूर उरते.

आता पैशाचा मुद्दा, जो अशा लेखांत सहसा येत नाही. दिवाकरांच्या लेखनावरील हक्क केव्हाच संपला आहे. ते कोणीही मुक्तपणे सादर करावे. हयात लेखकांचे तसे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ हौशी संस्थेला विनातिकीट प्रयोगासाठी, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगासाठी सवलत देते. तिचा आधार घेऊन कोणाला काही न विचारता प्रयोग उरकता येईल. परंतु ज्या कार्यक्रमात मांडववाल्याचे, ध्वनिवाल्याचे आणि आचाऱ्याचे बिल वेळेवर चुकते होते, त्यात शब्द पुरवणाराच तेवढा फुकट का? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे, हा एक अतिचार सांगितलेला आहे. मोबाइलवर फिरत आलेली संहितेची फाइल त्याहून फार वेगळी नाही. पुस्तक विकत घ्यावे, प्रकाशकामार्फत लेखकाला पत्र लिहावे, परवानगी लेखी मागावी आणि लहानसे का होईना, मानधन धनादेशाने पाठवावे. मंडळाच्या ताळेबंदात ‘लेखक मानधन’ अशी एक ओळ दिसली तर लेखापरीक्षकालाही आनंद होईल.

तीर्थंकरांची भूमिका कोणी करू नये, गृहस्थाने मुनिवेष धारण करून मंचावर येऊ नये, हा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो आणि तो योग्यच आहे. त्यामुळे आपली नाटिका अडते, असे युवक मंडळाला वाटते. खरे पाहता त्यानेच स्वगताची वाट मोकळी होते, कारण कथेच्या कडेला उभी असलेली माणसे बोलायला मिळतात. राजुलच्या नाटिकेत वरात परत फिरते आणि पुढच्याच प्रवेशात ती दीक्षेसाठी गिरनारकडे निघते. मधली रात्र कोणी लिहिलेली नाही. मेंदी ओली आहे, मांडवात दिवे आहेत, पाहुणे कुजबुजत आहेत आणि सोडवलेली हरणे केव्हाच रानात गेली आहेत.

आणि आपल्या जिल्ह्यात तर याहूनही जवळची एक कथा आहे. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींच्या निर्वाणाने पावन झाले, अशी परंपरा आहे. १८ सप्टेंबर १९५५ रोजी आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी तेथेच झाली. सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी त्यांनी क्षीण आवाजात, साध्या मराठीत केलेला अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित आहे. नाटकाशी त्याची तुलना अर्थातच नाही. पण एकटा आवाज, कसलेही साहाय्य नसताना, ऐकणाऱ्याला किती धरून ठेवतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो ऐकावा.

त्या दोन मुनींची पूर्वकथा क्षेत्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते. सिद्धार्थनगरचा राजा क्षेमंकर, राणी विमला. त्यांचे दोन्ही पुत्र बालपणापासून गुरुगृही. शिक्षण संपवून ते नगरात परततात, तेव्हा गवाक्षात उभी असलेली एक मुलगी त्यांना दिसते. दोघांच्याही मनात अभिलाषा उत्पन्न होते आणि तिच्यापायी एकमेकांविषयी मत्सरही. तेवढ्यात बंदीजनांच्या स्तुतीतून कळते की ती त्यांचीच बहीण कमलोत्सवा. लज्जेने आणि पश्चात्तापाने दोघेही तेथूनच माघारी वळतात आणि दीक्षा घेतात. शोकाकुल पिता अन्नत्याग करतो.

नाटिका झाल्या त्या राजपुत्रांच्या. कमलोत्सवेला एकही वाक्य नाही. ती कोणाची वाट पाहत खिडकीत उभी होती, हे उघड आहे. भाऊ येणार म्हणून. आरतीचे तबक तिच्या हाती असेल. तिने काहीच केलेले नाही, आणि एका क्षणात भाऊ गेले, पाठोपाठ वडीलही. का गेले, हे तिला कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितले असेल? आईने? दासीने? आणि ते कळल्यावर ती पुन्हा कधी खिडकीत उभी राहिली का?

परंडा, भूम, वाशी, कळंब, तुळजापूर येथील पाठशाळांत अकरावी-बारावीच्या ज्या मुली मराठीत चांगले निबंध लिहितात, त्यांच्यापैकी एखादीने हे दहा मिनिटांचे स्वगत लिहून पाहावे. नेपथ्यात एक रिकामी खिडकीची चौकट. निवेदिका नको. तालीम दुकाने बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, सभागृहात. लिहिणाऱ्या मुलीचे नाव पत्रिकेवर छापावे आणि तिलाही मानधनाचे पाकीट द्यावे.