पऱ्या म्हणजे नाला नव्हे

इंग्रजीच्या धड्यात 'ब्रुक' हा शब्द आला की मुले वहीत चटकन अर्थ लिहितात, 'लहान नाला'. उर्दू वर्गातही तेच. आता पावसच्या मुलाला नाला म्हटल्यावर काय दिसते? एस.टी.तून शहरात जाताना लागणारे काळे पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या पिशव्या. धड्यातले पाणी तर स्वच्छ, खळाळते असते. तसे पाणी याच मुलाच्या घरामागे आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याला अजून पऱ्या म्हणतात. फक्त तो शब्द वहीत लिहायचा असतो हे मुलाला कुणी सांगितलेले नसते.

कोकणात पाण्याची नावे वयावर आणि अंगावर ठरतात. जांभ्याच्या सड्यावर पडलेला पाऊस दगडाच्या भोकांतून खाली मुरतो. खालच्या चिकणमातीला अडून डोंगराच्या कुशीत बाहेर फुटतो, तो झरा. उतारावरून पावसाळ्यात धावतो तो पऱ्या; मिरगाला जागा होतो, दिवाळीच्या आसपास आटतो. पाचसहा पऱ्ये मिळाले की वहाळ. मोठ्या वहाळाला मार्चपर्यंतही पाणी राहते, त्यावरच वायंगणी शेती होते. वहाळ नदीला मिळतो, आमच्याकडे गौतमीला, आणि नदी खाडीला. घाटावर यातल्या बऱ्याच गोष्टींना ओढा या एका शब्दात गुंडाळतात. त्यांचे त्यांना पुरत असेल, आम्हाला पुरत नाही.

इंग्रजांकडेही असेच आहे. अगदी बारीक धार ती 'रिल', त्याहून मोठा 'ब्रुक'. त्याच ब्रुकला स्कॉटलंडात 'बर्न' म्हणतात आणि इंग्लंडच्या उत्तरेला 'बेक'. 'क्रीक' हा शब्द तर फसवा आहे. ब्रिटनमध्ये क्रीक म्हणजे खाडी, म्हणून नकाशात ठाण्याची खाडी 'ठाणे क्रीक' होते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे साधा ओढा. मुलांनी अमेरिकन गोष्ट वाचताना डोळ्यांपुढे खाडी आणली तर गोष्टच बुडते. आम्हाला सर्वांत आवडलेला शब्द 'विंटरबोर्न'. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांत हिवाळी पावसाने जमिनीतले पाणी वर चढले की वाहणारा आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा. ऋतू उलटा, पण जात पऱ्याचीच.

अरबीतली 'वादी' याच्याही जवळची. एरवी कोरडे पात्र, पाऊस झाला की लोंढा. उर्दूत येईतो वादीतले पाणी गेले आणि नुसती दरी राहिली. अरबी 'नहर' म्हणजे नदी, आपल्याकडे ती कालवा झाली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादला जमिनीखालून पाणी आणले, ती नहर-ए-अंबरी. अरबीत 'ऐन' म्हणजे डोळा आणि झराही. फारसीत डोळा तो 'चश्म', त्यावरून झरा तो 'चश्मा'. आजीच्या नाकावरचा चश्माही त्याच घरचा. आणि उर्दू शायरीत 'नाला' भेटला तर नाक दाबू नये, तिथे त्याचा अर्थ आक्रोश.

हा केवळ शब्दांचा शौक नाही. कागदोपत्री पऱ्याचा बहुधा 'नाला' होतो. नाला म्हटला की त्यात कचरा टाकायला, सांडपाणी सोडायला मन कचरत नाही. त्यातून जो आठ महिने कोरडा असतो त्याला रिकामी जागा समजून भराव घालतात, कुंपण ओढतात. आमच्या डोळ्यांदेखत दोन ठिकाणी हे झाले. जुलैत पऱ्या आपल्या वेळेवर आला, वाट सापडली नाही म्हणून लोकांच्या पडवीत शिरला. एप्रिलमध्ये त्याच वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या, कारण भरावाखाली झऱ्याचे तोंडही बुजले होते. 'इथे पऱ्या आहे' असे कागदावर असते तर भराव घालणाऱ्याला निदान विचारता आले असते.

म्हणून आम्ही मुलांना एक काम दिले आहे. वाडीतल्या प्रत्येक पऱ्याचे नाव, तो कुठून येतो, कुठे मिळतो आणि कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून वहीत उतरवायचे. काही पऱ्यांना शेताच्या मालकाचे नाव आहे, काहींना झाडाचे, आणि एकाला मुलांनी नाव विचारले तर तीन घरांनी तीन नावे सांगितली. तिन्ही लिहून घेतली आहेत.

वाचक भगिनींनो, तुमच्या मोहल्ल्यात पऱ्याला काय म्हणतात ते आम्हाला कळवा. दापोली-मंडणगडकडचे शब्द विशेष हवे आहेत. विहिरीचे शब्द पुढच्या अंकात.