अस्वलांच्या रानात बाळगायचे शस्त्र

अमेरिकेतील अलास्का, मोंटाना आणि वायोमिंग या राज्यांत रानवाटा तुडवणारी माणसे सोबत कोणते पिस्तूल असावे याचा विचार करतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ग्रिझली, म्हणजे तिथले मोठे तपकिरी अस्वल असते. हे जनावर ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावत असल्याने ३० मीटरवरून चाल करून आलेले अस्वल दोन सेकंदांत अंगावर येऊ शकते; म्हणून शस्त्राच्या ताकदीइतकाच ते हाती येण्याचा वेगही महत्त्वाचा ठरतो.

या रानांत जुनी पसंती आहे ती १९५०च्या दशकाच्या मध्यास आलेल्या पॉइंट ४४ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरला. त्यातल्या गोळ्या फिरत्या चक्रात बसतात आणि नळी जनावराच्या अंगाला टेकली तरी बार उडतो; अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मात्र अशा वेळी मागे ढकलला गेल्यास चाप ओढूनही गोळी सुटत नाही. गोळीची निवडही शहरातल्यापेक्षा उलटी असते, कारण शरीरात शिरताच फुलणारी पोकळ टोकाची गोळी अस्वलाच्या जाड स्नायूंत आणि हाडांत वरच्यावर अडकू शकते, तर चपट्या टोकाची कठीण शिशाची गोळी न फुलता खोलवर जाते. परंतु मॅग्नमचा धक्का इतका जबर असतो, की पुरेसा सराव नसलेल्या माणसाचा दुसरा बार हमखास चुकतो. त्यामुळेच मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावणाऱ्या ग्लॉक २० सारख्या १० मिलिमीटर पिस्तुलाकडे अनेक जण वळले आहेत. जे शस्त्र घाबरलेल्या हातांनाही आवरते, तेच घेणे शहाणपणाचे.

तरीही या निवडीला अवाजवी महत्त्व दिले जाते, असे म्हणणे भाग आहे. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील घटना तपासून २००८ साली दाखवले, की मिरचीतील दाहक द्रव्याचा दाबाखाली भरलेला फवारा, ज्याला तिथे बेअर स्प्रे म्हणतात, त्याने तपकिरी अस्वलांचे आक्रमक किंवा नकोसे वर्तन ९२ टक्के प्रसंगी थांबले. २०१२ सालच्या त्यांच्याच अभ्यासात बंदूक जवळ असलेल्यांपैकी ती वापरणारे आणि न वापरणारे यांच्या दुखापतींच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. फवाऱ्याचा ढग सात-आठ मीटरवर पसरतो, त्याला गोळीसारखा अचूक नेम लागत नाही, आणि अस्वलही जिवंत राहते, ही बाब गौण मानता येणार नाही.

दोन्ही जवळ ठेवायचे झाल्यास फवारा सॅकच्या खांद्यावरील पट्ट्याला आणि पिस्तूल छातीवरच्या म्यानात असावे, कारण सॅकचा रुंद कमरपट्टा कमरेचे म्यान झाकून टाकतो आणि पाठपिशवीत ठेवलेले शस्त्र त्या दोन सेकंदांत निरुपयोगी ठरते.

यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, मात्र ते चालवण्यास मनाई आहे. भारतातून पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, तिथे बंदूक बाळगण्याचीच बंदी असते. आणि अस्वलांसाठीचा फवारा विमानातून नेता येत नसल्यामुळे तो उद्यानाजवळच्या गावातच विकत घ्यावा लागतो.