पहिला घाणा कुणाचा?

जून महिन्यातला रविवार. रात्रीपासून पावसाची रिपरिप चालू. नळाला पाणी यायची वेळ तीच, सकाळी सहाची. पण बाकीचं घर आज तासभर उशिरा उठणार. गोधडी डोक्यावरून ओढून घेऊन, ‘आज रविवार आहे ना!’ असं म्हणत पुन्हा झोपण्यात जे सुख आहे ते काय वर्णावं!

मग हळूहळू घर जागं होतं. न्हाणीघरातून शिकेकाईचा वास येतो. आमच्या सासूबाईंना शाम्पू अजून पटलेला नाही. स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी तडतडते, कढीपत्ता चुरचुरतो, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. ‘ह्यां’ना पेपर, पुरवणी आणि दुसरा कप चहा. शाळा नुकतीच उघडलेली, त्यामुळे लेक नव्या वह्यांना कव्हरं घालत बसलेली. कव्हर घालण्याआधी प्रत्येक वही उघडून ती त्यात नाक खुपसते. आपणही लहानपणी हेच करायचो, नाही का?

दुपारी कुणाकडे मटणाचा रस्सा, तर कुणाकडे खमंग थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा. जेवण झालं की पत्र्यावर पाऊस, रेडिओवर विविध भारती आणि सगळ्यांचे डोळे जड. संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘आज भजी झाली पाहिजेत!’

किती साधी सुखं ही! पैसे पडत नाहीत, की त्यासाठी कुठं जावं लागत नाही. मैत्रिणींनो, माझा प्रश्न एवढाच आहे की, यातलं आपल्या वाट्याला नेमकं काय येतं? फोडणी आपण घालतो, पण आपले पोहे गार झालेले असतात. चहा आपण करतो, पण आपला कप ओट्यावर राहतो आणि साय धरली की एका घोटात संपवायचा. दुपारची झोप म्हणाल, तर आठवड्याचे युनिफॉर्म कोण इस्त्री करणार?

मलाही हे कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते गेल्या वर्षी, अशाच एका पावसाळी रविवारी. मी कांदाभजी तळत होते. लाइट गेलेले, मुलं बाहेरच्या खोलीत गाण्याच्या भेंड्या खेळत होती. सासूबाई एकट्याच स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. म्हणून पहिला घाणा काढला तो ताटलीत घालून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी सवयीनं विचारलं, ‘मुलांना दिलीस का?’ मी म्हटलं, ‘देते हो, तुम्ही खा आधी.’ त्यांनी एक भजं मोडून तोंडात टाकलं. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘अगं, गरम असताना एवढी कुरकुरीत असतात होय?’

सासूबाईंचं वय ७८. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून भजी तळताहेत. पाहुण्यांना, दिरांना, नणंदांना, मुलांना, नातवंडांना. सगळ्यांचं झालं की तळाशी उरलेली, तेल पिऊन मऊ पडलेली चार भजी त्यांची. त्यांनी तक्रार केली नव्हती, साधं नवल केलं होतं. पण माझ्या हातातला झारा तसाच राहिला. पुढे त्या हसून म्हणाल्या, ‘आता वास मात्र पूर्वीसारखा येत नाही बघ नाकाला.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण सगळ्याजणी म्हणतो ना, मुलं मोठी होऊ देत, जबाबदाऱ्या संपू देत, मग निवांत जगू. पण वय वाढतं तसं नाक मंदावतं, जिभेची चव उतरते, कान कमी ऐकू लागतात. पैसे बँकेत ठेवले तर व्याज मिळतं. वास, चव, आवाज यांची मुदत ठेव काढता येत नाही. शिकेकाईचा वास आज घ्यायचा तो आजच.

आणि हा रविवार तरी कुठून आला? आपल्याकडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी कितीतरी वर्षं भांडले आणि १० जून १८९० रोजी मुंबईतल्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली होती. तिथं दोन गिरणी कामगार बायाही बोलल्या होत्या. म्हणजे ही सुटी मागताना बाईचाही आवाज होता. मग ती घरात शिरताना बाईला वगळून कशी शिरली?

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, म्हणजे दीड ताससुद्धा नाही. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करण्यात जातो तो वेळ वेगळाच. आणि रविवार आला की आपले तास कमी होत नाहीत, उलट ‘आज जरा काहीतरी वेगळं कर ना’ म्हणून वाढतातच.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, पण घरच्यांना करून घालण्यातही आनंद असतोच की!’ असतो ना, मी कुठं नाही म्हणते? फोडणीचा पहिला वास करणारीलाच येतो. उन्हाळ्यात आळीतल्या बायका जमून पापड लाटायच्या तेव्हा तेलात बुडवून खाल्लेल्या लाट्या आठवा. कुरडयांच्या दिवशी वाटीत घेऊन खाल्लेला गव्हाचा गरम चीक आठवा. ती खास बायकांची सुखं होती. कामाच्या मधेच, चार जणींच्या हसण्या-बोलण्यात, हक्कानं घेतलेली. तेव्हा ‘आधी घरच्यांना’ असं कुणी म्हणत नव्हतं. आता पापड दुकानातून येतात, कष्ट वाचले ते बरंच झालं. पण त्या कष्टांबरोबर तो हक्काचा घासही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा काही आपण मागितलाच नाही. करण्यात आनंद असला तरी गरम खाण्यातही असतो आणि एकासाठी दुसरा सोडावा, असा काही नियम नाही.

खरं सांगायचं तर अडचण घरच्यांची कमी आणि आपलीच जास्त असते. मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पोहे खायला बसले तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. मलाच चोरट्यासारखं वाटत होतं. कुणी पाणी मागितलं की मी उठणार, एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, ‘बस गं, घेतील हातानं.’ त्या दिवशी मला कळलं, पोह्यांवरचं लिंबू किती छान लागतं!

आणखी एक. आपला रविवार मोकळा करायचा म्हणून आपलं काम दुसऱ्या बाईच्या डोक्यावर टाकायचं, हे काही खरं नाही. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना मी रविवारची सुटी द्यायला फार उशीर केला, हे कबूल करते. पगार न कापता दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, आता एक दिस तरी उजाडल्यावर उठन.’ रविवारची भांडी आता बाप-लेक घासतात. कढई नीट निघत नाही, सोमवारी मी पुन्हा घासते. चालतंय.

आमच्या घरात गेल्या वर्षापासून एक साधा नियम झालाय. पहिला घाणा तळणाऱ्याचा. देवाला दाखवायचा असेल तर देवाचा पहिला आणि मग लगेच तळणाऱ्याचा. त्याचा एक फायदा असा झाला की, मुलगाही तळायला तयार होतो! त्याची भजी वाकडीतिकडी होतात, मीठ कधी कमी, कधी जास्त. पण पहिलं भजं तो आजीला देतो आणि आजी म्हणते, ‘छान झालंय रे.’ तिला वास पूर्वीसारखा येत नाही, पण कुरकुर अजून ऐकू येते.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी फार काही करू नका. मोर्चा नको, भांडण नको. चहा गाळला की आपला कप घेऊन सगळ्यांच्या आधी, नाहीतर सगळ्यांबरोबर, खिडकीशी बसा. बाहेर पाऊस असेल तर तो बघा. हाका येतील. ‘आले हं, चहा घेतेय,’ एवढंच म्हणा आणि चहा गरम असतानाच संपवा.