भीमेच्या काठी नव्या रिळाचं काय काम?

शिमानो कंपनीचं स्ट्रॅडिक हे रीळ 2015 मध्ये नव्या रूपात आलं, मग 2019 मध्ये, मग 2023 मध्ये. त्याच कंपनीचं सगळ्यांत महागडं स्टेला 2014, 2018 आणि 2022 मध्ये बदललं. व्हॅनफर्ड 2020 मध्ये बाजारात उतरलं आणि 2024 मध्ये त्याचीही नवी आवृत्ती निघाली. ही वर्षं एकाखाली एक लिहून पाहावीत. दर चौथ्या वर्षी नवं मॉडेल येतं. दौंडच्या पुलाखालचं पाणी, त्यातला मासा किंवा काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाची अडचण, यांपैकी कशाचाही त्या येण्याशी संबंध नसतो. तरी नवं मॉडेल आलं की दौंड, शिरूर, भिगवण पट्ट्यातल्या हौशी मंडळींत चुळबुळ सुरू होते. काल रात्रीपर्यंत विनातक्रार चाललेलं रीळ सकाळी जुनाट वाटायला लागतं. पगारदार पोरं 15-20 हजारांची जुळवाजुळव करू लागतात.

ज्याच्याकडे चालू स्थितीतलं बऱ्यापैकी रीळ आहे, त्याने भीमेसाठी आणि उजनी धरणाच्या फुगवट्यासाठी नवं मॉडेल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नव्या रिळाची बाजू घेणारे अजाण नाहीत, म्हणून आधी त्यांचं म्हणणं पुरतं मांडतो. ते म्हणतात, 2023 च्या स्ट्रॅडिकमध्ये आधी फक्त स्टेलासारख्या महागड्या रिळात असलेल्या गोष्टी आल्या. इन्फिनिटी क्रॉस म्हणजे दातांची नवी घडण. त्यात भार एका जागी न पडता दाताच्या मोठ्या भागावर पसरतो आणि गिअर दुप्पट टिकतो, असा कंपनीचा दावा आहे. इन्फिनिटी ड्राइव्हमुळे मधल्या दांड्याचं घर्षण कमी होतं आणि ओझ्याखाली हँडल हलकं फिरतं. अँटी-ट्विस्ट फिन ही लाइन रोलरजवळची छोटी पट्टी दोरा सैल पडू देत नाही, त्यामुळे पीळ कमी बसतो. ड्यूराक्रॉस हा ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढताना ताण धरून दोरा सोडणाऱ्या ब्रेकच्या, चकतीचा नवा पदार्थ जुन्या फेल्टपेक्षा कमी झिजतो. शिवाय जुन्या मॉडेलचे सुटे भाग हळूहळू बंद होतात, मग आज ना उद्या बदलायचंच आहे तर आज का नको?

या सुधारणा खोट्या नाहीत. त्यामागे खरं अभियांत्रिकी काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण सुधारणा खरी असणं वेगळं आणि ती आपल्या कामाची असणं वेगळं.

गिअरच्या टिकाऊपणापासून सुरुवात करू. साधारण 45 मिलिमीटर व्यासाच्या स्पूलवर दोऱ्याचा एक वेढा 14 सेंटिमीटरचा होतो. गिअरचं प्रमाण 5.2 असेल तर हँडलच्या एका फेरीत जेमतेम 73 सेंटिमीटर दोरा आत येतो. 50 मीटरवर टाकलेला गळ परत आणायला 70 फेऱ्या लागतात. आता आपल्याकडे गळ टाकण्याची रीत काय, ते पाहा. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा लावायचा, फेकायचा आणि वाट पाहायची. दिवसभरात असा गळ 20 वेळा टाकला तरी फार झालं. म्हणजे 1,400 फेऱ्या. कृत्रिम आमिष लावून सकाळपासून 300 वेळा फेकणाऱ्याच्या रिळाला त्याच दिवशी 21,000 फेऱ्या बसतात. दुप्पट टिकणारा गिअर त्याच्यासाठी बनला आहे. कणीक लावून बसणाऱ्याच्या रिळाचा गिअर झिजायच्या आधी त्याचा रोलर अडकतो, दोरा पकडणाऱ्या बेलची स्प्रिंग तुटते, आणि बहुतेक वेळा आत गेलेली भीमेची बारीक रेती त्याचा घात करते. रेतीपुढे कुठल्याही आवृत्तीच्या दाताचं चालत नाही.

ओझ्याखाली हलकं फिरण्याचंही तसंच. खोल जाणारं जड आमिष ओढत आणताना त्याचा फायदा आहे. पण मोठा कटला लागला की जाणता माणूस हँडलने त्याला ओढत नाही. तो रॉड उचलतो, मासा जवळ घेतो, आणि रॉड खाली आणताना सैल पडलेला दोरा गुंडाळतो. ओझं रॉडवर असतं. हे ज्याला जमत नाही त्याच्या हातात स्टेला दिलं तरी दोरा तुटेल, आणि जमणाऱ्याला दोन-अडीच हजारांचं रीळ पुरतं.

सगळ्यांत जास्त दिशाभूल होते ती ड्रॅगच्या आकड्याने. खोक्यावर 9 किलो लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता उजनीतला कुठलाही मासा सुटायचा नाही. ड्रॅग किती लावायचा हे मात्र दोरा ठरवतो. दोऱ्याच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा, हा जुना आणि खरा हिशोब आहे. 6 किलोचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलो. त्यापुढे आवळला तर गाठ सुटेल नाहीतर गळ सरळ होईल. दीड-दोन किलोचा ताण हिसका न देता सोडायचं काम दहा वर्षांपूर्वीचं कुठलंही बरं रीळ करतं, फक्त चकत्या स्वच्छ आणि वंगण दिलेल्या हव्यात. आणि आज या पाण्यात गळाला वारंवार लागतं काय? चिलापी. 1952 मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा आता उजनीचा मुख्य मासा झाला आहे आणि भिगवणच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. पाव-अर्ध्या किलोच्या चिलापीला 9 किलोचा ड्रॅग कशाला?

पिळाबद्दल एक गोष्ट काठावर कुणी सांगत नाही. मासा पळतोय, ड्रॅगमधून दोरा सुटतोय, आणि माणूस घाबरून हँडल फिरवतच राहतो. अशा वेळी दोरा आत येत नाही, प्रत्येक फेरीला त्यात पाच पीळ मात्र बसतात. पुढच्या फेकीला त्याचाच गुंता होतो आणि शिव्या रिळाला बसतात. नवी पट्टी सैल दोरा सावरते, हा पीळ ती काढू शकत नाही. हात थांबवणं हाच त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे.

बेअरिंगच्या संख्येवर फार शब्द घालवत नाही. स्ट्रॅडिकला 6 बॉल आणि 1 रोलर बेअरिंग आहे; बाजारात हजाराच्या आतल्या रिळांवर 12 आणि 13 छापलेलं सापडतं. यावरून संख्येची किंमत कळावी.

दाइवा कंपनीच्या रिळांतल्या मॅगसील्ड रचनेबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे सुधारणाच आपल्या अंगावर येते. या रचनेत चुंबकीय तेलाचा पडदा पाण्याला आत जाण्यापासून अडवतो. कल्पना सुंदर आहे, समुद्रावर उपयोगी आहे. पण त्या जागी स्वतः तेल घालू नका, असं कंपनीच बजावते. घातलं तर तो पडदा बिघडतो. म्हणजे रीळ तज्ज्ञाकडे पाठवायचं. दौंडला असा तज्ज्ञ कुठे आहे? साध्या रचनेचं रीळ रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून उघडता येतं, रॉकेलने धुता येतं, त्याचे गिअर पाहता येतात. स्वतः उघडता येणारी वस्तू देऊन न उघडता येणारी घेणं, आणि वर पैसे मोजणं, याला मी सुधारणा मानत नाही.

सुट्या भागांचा आक्षेप मला मान्य आहे. तो खरा आहे आणि त्रासदायक आहे. गिअरचा जोड किंवा रोटर गेला आणि कंपनीने तो भाग बंद केला असेल तर रीळ संपलं. पण नेहमी जाणारे भाग ते नसतात. बेअरिंग जातात, आणि ती ठरावीक मापांची असतात. व्हर्नियरने आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की बेअरिंगच्या दुकानात किंवा ऑनलाइन त्या मापाचं सापडतं. चकती कापून घेता येते. नवं मॉडेल यायच्या सुमारास आधीच्या मॉडेलचे दोन-चार भाग घेऊन ठेवणं हे नवं रीळ घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

माझ्या बाजूला उभे राहून उलटं टोक गाठणारेही आहेत. त्यांच्या मते जुनं ते दणकट, नवं सगळं प्लास्टिक, आणि बांबूच्या काठीला तोड नाही. हेही चूक आहे. स्थिर स्पूलच्या रिळाचं पेटंट इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये घेतलं, आणि त्यामुळे हलका गळ लांब फेकता येऊ लागला. पुढे दोरा आपोआप पकडणारी बेल आली. हँडल उलटं फिरणं जागच्या जागी अडवणारं एकदिशा बेअरिंग आलं. बारीक असून बळकट असा विणलेला दोरा आला. या खऱ्या झेपा होत्या. ज्याचं रीळ एवढं जुनं आहे की त्याला ते बेअरिंगच नाही, गळ बसवताना हँडल मागे झोल खातं, त्याने जरूर नवं घ्यावं. पहिलंच रीळ घेणाऱ्याने आजच्या मॉडेलांतलं स्वस्त आणि साधं घ्यावं. अलिबाग-मुरूडला खडकांवरून गरवायला नेमाने जाणाऱ्याने खारं पाणी अडवणारं रीळ घ्यावं. मीठ कशालाही दयामाया दाखवत नाही. माझा विरोध 2019 चं देऊन 2023 चं घेण्याला आहे.

मग पैसे कुठे घालावेत? दोऱ्यात. उन्हाने कडक झालेलं, दोन हंगामांचं तंगूस घेऊन माणसं 15 हजारांच्या रिळाची स्वप्नं पाहतात, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्यात फुगवटा मागे सरतो, खानोटा-राजेगावकडे गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि पाण्याशी जाता येत नाही. तेव्हा लांब फेक लागते. ती बारीक दोऱ्याने मिळते, योग्य लांबीच्या रॉडने मिळते, आणि स्पूल काठाच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरलेला असेल तर मिळते. अर्धा रिकामा स्पूल कुठल्याही रिळाची फेक मारतो. त्यानंतर धारदार गळ. त्यानंतर रोलरवर तेलाचा एक थेंब, दर खेपेनंतर. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवणं, म्हणजे फेल्टची चकती दबून बसत नाही. वर्षातून एकदा पूर्ण उघडून साफ करणं. हे सगळं केलेलं रीळ शेजाऱ्याच्या नव्या रिळासोबत ठेवावं, दोन्हींवर एकच दोरा, एकच रॉड, एकच आमिष, आणि मासा कुठल्यावर जास्त लागतो ते पाहावं. मला निकालाची काळजी वाटत नाही.

आणि मासाच कमी लागत असेल तर त्याचं कारण रिळात शोधणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. ते पाण्यात आहे. पावसाळ्यात रोज सांगितला जातो तो दौंडचा विसर्ग. तोच उजनी भरतो. पण त्याच वाटेने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही येतं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढचं सगळं पाणी आपल्या दारावरून जातं. मागून जलपर्णी येते. 117 टीएमसीच्या उजनीत 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे आणि 2024 च्या उन्हाळ्यात पाणी त्या मृतसाठ्यातही खोल, उणे 60 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. मरळ, वाम, शिंगटा यांच्यासाठी जुने लोक ज्या जागा सांगायचे तिथे आज चिलापी लागतो. पोटासाठी जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांना हे आमच्या कितीतरी आधी कळलं, कारण त्यांची चूल त्यावर चालते. आमची चर्चा मात्र गिअरचं प्रमाण 5.2 चांगलं की 6.0, यावर अडली आहे. रिळाचे दाते मोजणाऱ्या याच चौकस माणसांनी पाण्याचा रंग, वास, मेलेल्या माशांची जागा आणि तारीख वहीत टिपली, फोटो काढले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रारी केल्या, तर काठावर दररोज बसणाऱ्यांइतका पक्का साक्षीदार दुसरा मिळणार नाही. आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे: आषाढ-श्रावणात पोटात अंडी असलेला रोहू-कटला लागला तर तो पाण्यात परत सोडावा. त्यासाठी गळ काढायची पक्कड जवळ लागते, आणि ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.