गाण्याचें माप आणि कागदाचें माप

माप हें वस्तूसाठीं असतें, वस्तु मापासाठीं नसते. शिंपी अंगाचें माप घेऊन अंगरखा बेततो. अंगरखा आधीं शिवून मग मनुष्याचे हात आंखूड करणारा शिंपी कोणीं पाहिला नसेल. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती लिहून दाखविण्याचें कारण पडूं नये. परंतु गाणें कागदावर उतरवितांना आपण सुशिक्षित म्हणविणारीं माणसें हीच चूक सर्रास करतों, आणि वर तिला शिस्त असें नांव देतों. प्रस्तुत लेखकानें ती स्वतः केली आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा त्यास थोडासा अधिकार पोंचतो.

ज्या विद्यार्थ्यांस पाश्चात्य स्वरलेखनाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा करतों. पांच रेघांच्या त्या लेखनांत आरंभींच एकाखालीं एक असे दोन आंकडे लिहिलेले असतात. स्थूलमानानें सांगावयाचें तर वरचा आंकडा एका खंडांत किती मात्रा आहेत तें दाखवितो, आणि खालचा आंकडा त्या मात्रेसाठीं कोणतें स्वरचिन्ह योजिलें आहे तें दाखवितो. वर ४ व खालीं ४ असले म्हणजे चार मात्रांचा खंड. वर ३ व खालीं ४ असले म्हणजे तीन मात्रांचा. इंग्रजी चालीचीं बहुतेक उपासनागीतें आणि बँडचीं कूचगीतें दोन, तीन, चार किंवा सहा या आंकड्यांवरच चालतात. वर ५, ७ किंवा ११ दिसले कीं वाजविणाराच्या कपाळास आठ्या पडतात, आणि अशा मापांस ‘विचित्र’, ‘अनियमित’ अशीं विशेषणें चिकटतात.

आतां माझी चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या एका कार्यक्रमासाठीं मी एक मराठी भजन मुलांकडून बसवून घेत होतों. भजन रूपक तालाचें, म्हणजे सात मात्रांचें होतें. तीन, दोन आणि दोन असे त्याचे भाग. साथीस विजेवर चालणारी पेटी होती. तींत तयार ठेके पुष्कळ होते, पण सातांचा एकही नव्हता. तेव्हां मीं प्रत्येक आवर्तनाच्या शेवटीं एक मात्रा वाढविली, सारी चाल चार-चारांत बसविली, आणि सुवाच्य अक्षरांत लिहून काढली. सातव्या इयत्तेंतील एक मुलगी मात्र दर वेळीं एक मात्रा आधीं उठे. मीं तिला दोनदां समजाविलें, तिसऱ्या वेळीं रागावलों, आणि शेवटीं मागच्या रांगेंत उभें राहून नुसते ओठ हलविण्यास सांगितलें. ती रडली नाहीं. खालीं मान घालून एवढेंच म्हणाली, “सर, आमची आजी असंच म्हणते.”

त्या रात्रीं मांडीवर टाळी देत मीं ती चाल पुन्हां म्हणून पाहिली. मुलगी बरोबर होती, तिची आजीहि बरोबर होती. चुकलें होतें तें माझें सुवाच्य लेखन.

ही चूक माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाचीच आहे असें कोणीं समजूं नये. हंगेरीचे थोर संगीतकार बेला बार्टोक यांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं खेडोपाडीं हिंडून हंगेरियन, रुमानियन वगैरे लोकगीतें मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केलीं व लिहून काढलीं. इकडे बल्गेरियांतील विद्वानांनीं आपल्या लोकगीतांच्या असमान मात्रांचा अभ्यास चालविला होता. वासिल स्टोइन यांचा ग्रंथ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. तें कार्य पाहिल्यावर बार्टोक यांनीं आपल्या जुन्या वह्या पुन्हां उघडल्या, तों त्यांस दिसून आलें कीं असलींच मापें आपल्याहि संग्रहांत होतीं. पण कानांना समान मात्रांची सवय असल्यामुळें तीं आपणांस ओळखूं आलीं नव्हतीं. १९३८ सालच्या आपल्या एका व्याख्यानांत त्यांनीं हें मोकळेपणानें सांगितलें. एवढ्या मोठ्या मनुष्यानें आपली वही खोटी आणि खेडुताचा गळा खरा असें कबूल करावें, यांतच त्यांची थोरवी दिसते.

अशीं मापें तिकडे कोणास विचित्र वाटत नाहींत. बल्गेरियांत रुचेनित्सा नांवाचें नृत्य आहे. त्याच्या सात मात्रा दोन, दोन, तीन अशा पडतात. नाचणारा शेतकरी सात मोजीत बसत नाहीं. गति इतकी जलद असते कीं मोजणें शक्यच नसतें. तो दोन आंखूड पावलें टाकतो व एक लांब टाकतो, कीं झालें. आपला रूपकहि सातांचाच. परंतु तीन आधीं आणि दोन-दोन मागून, म्हणून त्याची चालण्याची ढब अगदीं निराळी. यावरून हेंहि ध्यानांत यावें कीं नुसता वरचा आंकडा पुरेसा नाहीं. त्याची फोड कशी आहे हें कळलें पाहिजे. बार्टोक यांनीं लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सर्वांसाठीं रचलेल्या ‘मिक्रोकॉस्मॉस’ या पियानोच्या पाठमालेच्या शेवटीं बल्गेरियन मापाचीं सहा नृत्यें आहेत. त्यांतील शेवटच्या नृत्याची बेरीज आठ होते, पण माप लिहिलें आहे तें ३+३+२ असें. आठ म्हटल्यावर चार आणि चार असें डोळे मिटून धरणाराची तेथें फजीति होते. आपल्याकडे झपतालाच्या दहा मात्रा दोन, तीन, दोन, तीन अशा मोजणाऱ्या तबलजीस ही गोष्ट वेगळी शिकवावी लागणार नाहीं. तेव्हां ‘विचित्र’ हा शब्द गाण्याचें वर्णन करीत नाहीं. ऐकणारा कोठें बसला आहे एवढेंच तो सांगतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं हें सारें पांडित्याचें प्रदर्शन आहे. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांची सहावी सिंफनी २८ ऑक्टोबर १८९३ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें प्रथम वाजली. पुढें नऊ दिवसांनीं ते निवर्तले. तिचा दुसरा भाग पांच मात्रांचा आहे. व्हिएन्नाचे नामांकित टीकाकार हान्स्लिक यांस तें माप खटकलें. हें सहांत सहज बसलें असतें असा त्यांचा अभिप्राय. बसलें असतें खरें! पण ऐकणारास वॉल्ट्झ नाचावेंसें वाटावें आणि पाऊल टाकतांच जमीन किंचित् सरकावी, ही जी त्या चालींतील हुरहूर, ती त्या उसन्या सहाव्या मात्रेबरोबर नाहींशी झाली असती. केवळ चमत्कृतीसाठीं आंकडे बदलणारे रचनाकार नसतातच असें माझें म्हणणें नाहीं. त्याची परीक्षा सोपी आहे: कागद मिटावा आणि चाल गुणगुणावी. कागद मिटल्यावरहि जें माप उरतें तें खरें. जें उरत नाहीं तें कागदाचें.

दुसरा आक्षेप सोयीचा. समुदायानें गावयाचें तर माप सोपें हवें, हें मला मान्य आहे. परंतु अवघड कोणास? आंकडा वाचणारास अवघड. ज्यानें तें गाणें मांडीवर बसून ऐकलें आहे त्यास नव्हे. लिहिणारानें खंडाच्या आंत तुटक रेघ द्यावी, माथ्यावर ३+२+२ असें लिहावें, आणि शिकवितांना आधीं टाळी व मग स्वर द्यावा. मुलें अर्ध्या तासांत चालूं लागतात. तरीहि बदल करणें भागच पडलें, तर ‘मूळ चाल सात मात्रांची, सोयीसाठीं बदलली आहे’ एवढी एक ओळ पानावर लिहावी. सोय हा गुन्हा नाहीं. सोय करून ती लपविणें हा गुन्हा आहे.

पालकांस हें सांगण्याचें एक खास कारण आहे. आज आपलीं मुलें संगणकावर स्वरलेखन करूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. पण तें कोरें पान उघडलें कीं बहुधा त्यावर चारावर चार असे आंकडे आधींच मांडलेले असतात, आणि न विचारतां मिळालेलें उत्तर मनुष्य सहसा तपासून पाहत नाहीं. घरांतील वृद्ध स्त्रियांच्या कंठांत असलेल्या जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भजनें हीं अजून लिहावयाचीं राहिलीं आहेत. जें आज चुकीचें लिहिलें जाईल तेंच उद्यां खरें मानलें जाईल. कारण गाणारी असेपर्यंतच कोणी ‘असं नव्हे’ म्हणूं शकतें, नंतर कागदास विचारणारें कोणी उरत नाहीं. म्हणून मुलांनीं आधीं ऐकावें, मग टाळी द्यावी, मग मोजावें, आणि सर्वांच्या शेवटीं आंकडा लिहावा.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलीची वर्गादेखत क्षमा मागितली. विजेची पेटी बंद केली, ढोलकी व टाळ आणविले, आणि तिला पुढच्या रांगेंत उभी करून सर्वांस टाळी देण्याचें काम सोंपविलें. कार्यक्रमास तिची आजी आली होती. त्या भजनाच्या वहींत वर आतां ७ हा आंकडा आहे. त्याच्या शेजारचा खोडलेला ४ मीं मुद्दाम तसाच ठेवला आहे. नवें गाणें लिहावयास घेतलें कीं प्रथम तो पाहून घेतों.